रुग्णाची माहिती फुटते ती काउंटरवरून: दवाखान्यांनी आणि लॅबनी या चुका टाळा

रुग्णाची गुप्तता म्हटलं की हॅकर आणि सर्व्हर डोळ्यांसमोर येतात. छोट्या दवाखान्यात, नर्सिंग होममध्ये किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये माहिती फुटते ती मात्र बहुतेक वेळा काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर, तीही कुणाच्या मनात वाईट नसताना. म्हणून महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी रोजच्या सवयी तपासा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याला त्याच्या कामासाठी नेमकी किती माहिती लागते?

काउंटरवरचा आवाज

"यूपीटी (लघवीवरून गरोदरपणाची तपासणी) पॉझिटिव्ह आलीय, आत जा" असं रिसेप्शनवरून मोठ्यानं म्हटलं की बाकावरच्या सगळ्यांना कळतं. त्यांत पेशंटची सासू असू शकते, शेजारीण असू शकते. तालुक्याच्या गावात तर निम्मे लोक ओळखीचेच असतात. त्यामुळे काउंटरवर फक्त नाव, वय आणि मोबाइल नंबर घ्यायचा, नंबरही चिठ्ठीवर लिहून घेतलेला बरा. "काय होतंय?" हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत विचारायचा. तपासणीचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. रिपोर्ट चिकटवलेल्या पाकिटात द्यायचा आणि पाकिटावर नाव व नोंदणी क्रमांक, एवढंच लिहायचं.

ओपीडी रजिस्टरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सही करायला वाकलेला माणूस वरच्या दहा-पंधरा ओळी सहज वाचतो: नाव, गाव, आजार. रजिस्टरवर एका ओळीपुरती खाच कापलेला पुठ्ठा ठेवला तर खर्च शून्य आणि प्रश्न मिटतो. कॉम्प्युटरचा पडदा लोकांकडे वळलेला नको, आणि खुर्ची सोडताना विंडोज व एल ही दोन बटणं एकत्र दाबून तो लॉक करायची सवय लावा.

नातेवाईक आहेत म्हणून सगळं सांगणं

आपल्याकडे पेशंट क्वचितच एकटा येतो. पण सोबत आलेल्या माणसाला सगळं कळावं अशी पेशंटची इच्छा असेलच असं नाही. दाखल करतानाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: "माझ्या आजाराची माहिती कुणाला द्यावी?" त्यात नाव, नातं, मोबाइल आणि "कुणालाही नको" हा पर्याय. पेशंट शुद्धीवर असेल तर हा रकाना त्यानेच भरायचा, मुलाने किंवा नवऱ्याने नाही.

तपासणीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसवायचं असेल, तर ते सगळ्याच पेशंटच्या बाबतीत करा. "आमच्याकडे तपासताना सगळ्यांनाच बाहेर बसवतात, पद्धत आहे" असं सिस्टरने म्हटलं की कुणाला राग येत नाही आणि संशयही येत नाही. फक्त एखाद्या सुनेच्याच वेळी सासूला बाहेर काढलं, तर घरी गेल्यावर त्या सुनेची उलटतपासणी ठरलेली.

फोनवर "मी त्यांचा भाऊ बोलतोय" किंवा "साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय" एवढ्यावर काही सांगू नका, अगदी पेशंट दाखल आहे की नाही हेसुद्धा. फॉर्मवर ज्याचा नंबर आहे त्याला आपणहून उलट फोन करा.

व्हॉट्सॲप: सगळ्यात मोठं भगदाड

एक्स-रेचा फोटो काढून वरिष्ठांचं मत विचारणं यात गैर काही नाही. चूक असते ती काढण्या-पाठवण्याच्या पद्धतीत. फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, तारीख आणि सेंटरचं नाव छापलेलं असतं. ते झाकायला फोनमधलं हायलायटर पेन वापरतात. त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो, आणि उजेड वाढवला की खालचं नाव वाचता येतं. कोपरा कापूनच टाका, किंवा फिल्मवर कागदाची पट्टी ठेवून मग फोटो घ्या. चेहरा, गोंदण, मंगळसूत्र, अंगावरची जुनी खूण यांवरूनही माणूस ओळखू येतो.

फोटो काढला की तो गॅलरीत जातो आणि गॅलरीतून गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये. तोच बॅकअप घरच्या टीव्हीवर किंवा मुलांच्या टॅबवर उघडा असतो. म्हणून व्हॉट्सॲपमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, गूगल फोटोजमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप बंद करा, आणि काम झाल्यावर फोटो ट्रॅशमधूनही काढून टाका. शक्य असेल तर दवाखान्याचा फोन आणि सिम वेगळं ठेवा. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब रात्रभर चालू राहतं. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी आठवड्यातून एकदा पाहायलाच हवी.

लॅबच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे चुकलेला नंबर. एक आकडा चुकला की थायरॉइडचा किंवा अगदी एचआयव्हीचाही रिपोर्ट परक्या माणसाच्या हातात जातो. नंबर घेतल्यावर तो पेशंटला वाचायला द्या आणि आधी नुसता "तुम्ही अमुक लॅबमध्ये तपासणी केली का?" असा मेसेज पाठवून उत्तराची वाट पाहा. मग पासवर्ड असलेली पीडीएफ पाठवा. जन्मतारीख हा पासवर्ड घरच्या माणसांना माहीत असतो. पावतीवरचा क्रमांक त्यापेक्षा बरा. फाइलच्या नावात पेशंटचं आणि तपासणीचं नाव नको, कारण नोटिफिकेशनमध्ये तेच दिसतं. स्टाफच्या ग्रुपवरून काम सोडून गेलेल्यांना त्याच दिवशी काढा.

एचआयव्हीचं लाल स्टिकर

पलंगाच्या पायथ्याशी किंवा केसपेपरवर लाल अक्षरांत एचआयव्ही लिहिणं आजही दिसतं. संरक्षणासाठी त्याची काहीच गरज नसते, कारण हातमोजे आणि सुया टाकण्याची खबरदारी प्रत्येक पेशंटसाठी तितकीच घ्यायची असते. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि त्यानुसार ही माहिती द्यायला सहसा रुग्णाची लेखी संमती लागते. जोडीदाराला सांगण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण तो फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकासाठी. त्यालाही पायऱ्या आहेत: जोडीदाराला खरोखर धोका असणं, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन केलेलं असणं, तो सांगणार नाही याची खात्री होणं आणि आपण सांगणार आहोत हे त्याला कळवणं. सिस्टरने परस्पर नवऱ्याला फोन करणं यात कुठेच बसत नाही.

उलटी चूक: गुप्ततेच्या नावाखाली माहिती अडवणं

हीही तितकीच घातक आहे. टीबीच्या रुग्णाची नोंद निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर करणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, तिथे "पेशंटला नको आहे" हे कारण चालत नाही. दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारं औषध चिठ्ठीवर लिहायचं राहिलं, तर जीव जाऊ शकतो. पेशंटने स्वतःचे कागद मागितले तर 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात.

देखभालीसाठी घरी ब्युरोतून येणाऱ्या मावशींना किती सांगायचं, हा प्रश्न वृद्धांच्या बाबतीत रोजचा. औषधांच्या वेळा, पडण्याचा धोका, पथ्य, गिळताना ठसका लागतो का, हे सांगायलाच हवं. वीस वर्षांपूर्वीचा मानसोपचार सांगायचं कारण नाही. पण आत्ता आत्महत्येचा धोका असेल तर औषधांचा डबा कुलपात ठेवा हे सांगणं भाग आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा जिवाला धोका असताना गरजेपुरती माहिती द्यायला मुभा देतो.

पोलिसांनी तोंडी मागितलं म्हणून फाइल हातात देऊ नका. मेडिको-लीगल केसची, म्हणजे अपघात, मारहाण, विषबाधा अशा पोलिसांशी संबंध येणाऱ्या केसची खबर वेळेवर द्या. कागद मात्र लेखी मागणीवर, प्रतींच्या स्वरूपात आणि पोच घेऊन द्या. गर्भपाताच्या बाबतीत, गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली खबर द्यावीच लागते, पण तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर त्या खबरीत तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात म्हटलं आहे.

रद्दी

जुलै 2021 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयाचे पेशंटचे कागद खाण्याच्या प्लेटा होऊन बाजारात आले होते. दाखल रुग्णांचे कागद किमान तीन वर्षं, गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ दोन वर्षं आणि खटल्याचे कागद निकाल लागेपर्यंत ठेवा. नंतर श्रेडरमध्ये, म्हणजे कागद कापण्याच्या यंत्रात घाला, वजनावर विकू नका. उभ्या पट्ट्या कापणारा श्रेडर नको, पट्ट्या जुळवता येतात. बारीक तुकडे करणारा घ्या.

चूक झालीच तर

चुकीच्या नंबरवर रिपोर्ट गेला, तर लगेच डिलीट फॉर एव्हरीवन करा. ही सोय साधारण दोन दिवसच असते. समोरच्याला फोन करून फाइल उघडली का, पुढे पाठवली का हे विचारा आणि काढून टाकल्याचं लेखी घ्या. त्याच दिवशी पेशंटला स्वतः डॉक्टरांनी सांगायचं, रिसेप्शनिस्टने नाही. काय गेलं, कुणाला, किती वाजता आणि आपण काय केलं हे वहीत लिहा. 2023 च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. मग अशी घटना रुग्णाला आणि डेटा संरक्षण मंडळालाही कळवावी लागेल, तेव्हा ही वही आजच सुरू करा.