इथिओपियाची बुना घरी करायची तर

बुना म्हणजे कॉफी, आणि ती सगळ्यांनी मिळून प्यायचा सोहळाही. दाणे पाहुण्यांसमोर भाजायचे, ही पहिली अट. स्वयंपाकघरात भाजून, मिक्सरमधून काढून, ट्रेमध्ये कप मांडून आणलेत तर ती नुसती कडक काळी कॉफी होईल, बुना नाही. नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे आम्ही अदिस अबाबात राहायचो. तिथल्या आमच्या घरमालकीणबाई भाजायला बसल्या की धुराच्या वासावरच शेजारणी गोळा व्हायच्या. वेगळं बोलावणं नसायचं.

पुण्यात फ्लॅटमध्ये बोलवावं लागतं, आणि बोलावताना दीड-दोन तास लागतील हेही सांगून टाकावं. ‘पटकन एक कप घेऊन निघते’ म्हणणारीला मी सरळ दुसऱ्या दिवशी चहाला ये म्हणते.

तिथे जमिनीवर ताजं कापलेलं लांब गवत पसरतात. मी चटईवर गवती चहाची पाती टाकते. वासही छान येतो, झाडूनही पटकन निघतात. बाजूला धूप हवाच. त्यांचा ‘एतान’ मिळाला नाही तर ऊद चालतो. उदबत्ती मात्र लावू नका, तिच्या अत्तरी वासापुढे कॉफीचा वास टिकत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवायची नाही, जीवावर बेतेल. हॉलमध्ये छोटा गॅस ठेवा, खिडक्या सताड उघडा.

भांड्यांत मुख्य ती ‘जबेना’, काळ्या मातीची, गोल बुडाची, उंच मानेची. नवी असेल तर आधी पाणी भरून मंद आचेवर दोन-तीनदा उकळून घ्या, आणि थेट ज्योतीवर न ठेवता खाली जाळी ठेवा. जबेना नसेल तर अरुंद तोंडाचं स्टीलचं भांडं घ्या, पण ओतताना गाळणी लागेल. ‘सिनी’ म्हणजे बिनकानाचे छोटे कप. ते बुटक्या ‘रेकेबोत’वर मांडतात, आपल्याकडे चौरंग आहेच.

कच्चे दाणे चिकमगळूर-कूर्गचे मळेवाले घरपोच पाठवतात. ‘प्लांटेशन ए’ हे धुतलेलं अरेबिका (कॉफीची एक जात), इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागातल्या कॉफीच्या वळणाचं. ‘अरेबिका चेरी’ सालासकट वाळवलेलं, त्याचा कल तिथल्याच हरार भागातल्या कॉफीकडे. मला दुसरं आवडतं, जरा रांगडं असतं. सहा जणांना ६० ग्रॅम पुरे. भाजल्यावर ते ५०च्या आसपास भरतात.

आता भाजणं. दाणे लोखंडी तव्यात घेऊन कोमट पाण्याने चोळून धुवा, वरची पातळ साल सुटते. पाणी निथळून तवा मध्यम आचेवर ठेवा आणि हात थांबवू नका. दाणे आधी पिवळट, मग बदामी होतात आणि आठ-दहा मिनिटांत तडतडायला लागतात. इथे नवखी माणसं गॅस बंद करतात. घरमालकीणबाई त्या वेळी बोलणं थांबवून तव्याकडे कान द्यायच्या. तडतड विरली, दाणे काळपट तपकिरी झाले आणि त्यांच्यावर तेलाची बारीक चमक आली की तवा खाली. मग तो तसाच धुरासकट सगळ्यांसमोरून फिरवायचा. ज्याने त्याने आरती घेतल्यासारखा धूर दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि वास कसा आहे ते बोलून दाखवायचं. गप्प बसणारा पाहुणा तिथे चालत नाही.

दाणे गार झाले की खलबत्त्यात कुटा, जाडसर रव्याइतपत. जबेनात अर्धा लिटर पाणी उकळत ठेवा, पूड मानेतून आत सोडा. फेस मानेपर्यंत चढला की उतरवा, थोडी कॉफी कपात ओतून परत आत घाला, पुन्हा आचेवर. असं दोन-तीनदा. मग पाचेक मिनिटं तिरकी टेकवून ठेवा, गाळ खाली बसतो. घाई केलीत तर तो गाळ दातांत येतो.

ओतायचं वीतभर उंचीवरून, धार न तोडता, एका कपावरून दुसऱ्यावर. थोडं चौरंगावर सांडतं, सांडू द्या. पहिला कप सगळ्यांत वडीलधाऱ्यांना.

ही पहिली फेरी ‘अबोल’. त्याच गाळात चारशे मिली पाणी घालून पुन्हा उकळली की ‘तोना’, आणि तिसरी ‘बेरेका’, म्हणजे आशीर्वादाची. तिसरी पातळच असते, पण ती न घेता उठणं बरं दिसत नाही. दूध नाही. आमच्याकडे कुणीतरी विचारतंच. साखर मात्र हवी तेवढी घाला, तिथेही छोट्याशा कपात दोन-तीन चमचे घालणारे पुष्कळ. काही भागांत साखरेऐवजी मीठ किंवा लोणी घालतात. कधी कपात ‘तेना अदाम’ची डहाळी बुडवतात. ती आपल्या सतापाची सख्खी बहीण. कुंडीत सताप असेल तर एक छोटी काडी पुरते. गरोदर बायकांच्या कपात घालू नका.

सोबत खायला पॉपकॉर्न असतातच, अगदी टोपलीभर. खरी मजा ‘कोलो’ची. पॉलिश केलेले जव चार तास भिजवा, फडक्यावर कोरडे करा आणि कढईत मध्यम आचेवर खमंग, कुरकुरीत होईपर्यंत भाजा. मग भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मीठ आणि चिमूटभर तिखट. तिथे त्यात करडईही घालतात. ‘डाबो कोलो’ (कणकेचे छोटे कुरकुरीत तुकडे) करायला वेळ नसेल तर तिखट शंकरपाळे ठेवून मोकळे व्हा.

पाव हवा असेल तर ‘अंबाशा’ करा. दोन वाट्या कणीक, चमचाभर यीस्ट, दोन चमचे साखर, मीठ, वेलची, चमचाभर कलौंजी. सैलसर मळून तासभर फुगवा, जाड भाकरीएवढी थापा, सुरीने चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा ओढा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दहा-बारा मिनिटं भाजा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी दूध, लोणी, अंडी, मांस खात नाहीत. यात त्यातलं काही नाही, त्यामुळे हे सगळं खाणं उपासाच्या दिवशीही चालतं. अर्थात त्यांच्या उपासाला. एकादशीवाल्या काकूंसाठी वेगळे शेंगदाणे ठेवा.

शेवटी जबेना साबणाने धुवू नका, माती वास धरते. गरम पाण्याने खळखळून धुवा, पालथी घालून वाळवा. गाळ कुंडीत टाकलात तरी चालेल, थोडा थोडा.