हरवलेली ओळखपत्रं परत करायची सिस्टीम प्लॅन करताना आलेला अनुभव (नवीन लोकांसाठी)

सरकारी आयटी प्रोजेक्टमध्ये बिझनेस अॅनालिस्ट म्हणून यायचंय किंवा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असा विषय घेतलाय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं पहिलंच काम हे होतं: कुणालातरी रस्त्यात ओळखपत्र सापडतं, तो ते सरकारी ऑफिसात आणून देतो, तिथून ते मालकाच्या हातात जाईपर्यंतची सिस्टीम आखायची. मी लगेच डेटाबेसची टेबलं काढली, मग लॉगिन, सर्च, रिपोर्ट असे स्क्रीन काढले, आणि दोन आठवडे त्यातच गेले.

नंतर तीन दिवस जमा काउंटरवर जाऊन बसलो आणि जवळपास सगळं परत काढावं लागलं. कार्डं महिन्यावार रबर लावून ठेवलेली, रजिस्टरमध्ये नुसतं नाव आणि तारीख, कुणी विचारायला आलं की क्लार्क अख्खा गठ्ठा चाळणार, आणि मुळात आपलं कार्ड कुठल्या ऑफिसात पडलंय हेच मालकाला माहीत नसतं त्यामुळे येणारेच कमी, आणि जे आले त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच डुप्लिकेट काढलेलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की स्क्रीनच्या आधी कार्डाचा प्रवास कागदावर काढा. सापडलं, जमा झालं, मालक जुळला, निरोप गेला, मालकाने नेलं. आणि मधेच नवीन कार्ड निघालं तर जुनं रद्द होऊन नष्ट करायचं, ही फांदी सुरुवातीलाच काढा, नाहीतर एका माणसाची दोन चालू कार्डं फिरत राहतात.

आणून देणाऱ्याचा विचार आम्ही सगळ्यात कमी केला होता. त्याने फॉर्म भरायचा, वर स्वतःचं ओळखपत्र दाखवायचं असं ड्राफ्टमध्ये होतं. ते मी भांडून काढायला लावलं. २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, ४० देशांत १७ हजारांवर पाकिटं 'सापडली' म्हणून काउंटरवर दिली होती, तर रिकाम्यापेक्षा पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांना जास्त वेळा कळवलं गेलं. म्हणजे लोकांना परत करायचंच असतं, आपण फक्त त्यांची वाट अडवू नये. पेटीत टाकलं आणि गेला, एवढंच काम त्याला असावं.

आता मॅचिंग, म्हणजे सापडलेलं कार्ड रेकॉर्डमधल्या कुणाचं आहे ते जुळवणं. हा भाग मला फार आवडतो. कार्ड झिजलेलं असतं, नंबरातले आकडे पुसलेले असतात. बऱ्याच ओळख क्रमांकांत शेवटचा आकडा तपासणीचा असतो, बाकीच्या आकड्यांवरून लुन किंवा व्हरहॉफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला. त्याचा फायदा असा की एक आकडा पुसला असेल तर तो कुठला ते नक्की काढता येतं, आणि दोन पुसले असतील तर १०० शक्यतांतल्या १० च उरतात, मग नाव आणि जन्मतारीख लावली की बहुतेक वेळा एकच माणूस राहतो. नावाचं मात्र 'तंतोतंत सारखं' असं मॅचिंग करू नका. स्पेलिंग बदलतं, आडनाव आधी येतं, लग्नानंतर बदलतं. किती अक्षरं बदलली की एक नाव दुसऱ्यासारखं होतं ते मोजायची लेव्हेनश्टाइनची पद्धत १९६५ पासून आहे, ती वापरा आणि शेवटचा निर्णय माणसाकडे ठेवा.

सापडलेल्या कार्डांची यादी वेबसाइटवर टाकू असं मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी सुचवतं. नको. नाव, जन्मतारीख, पत्ता उघड झाला की फसवणूक करणाऱ्याला आयतं सगळं मिळतं. मग कुणी म्हणतं नंबर हॅश करून ठेवू, म्हणजे ठरलेल्या सूत्राने उलट वाचता न येणाऱ्या रूपात बदलून, पण १२ अंकी नंबराच्या शक्यता फार तर १ लाख कोटी, नुसता साधा हॅश असेल तर चांगलं मशीन त्या काही मिनिटांत तपासून मूळ नंबर शोधून काढतं. गुप्त किल्लीसकट हॅश करा आणि ती किल्ली वेगळी ठेवा.

आणि आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते. पाकीट हरवतं तेव्हा पुष्कळदा फोनही त्याच्याबरोबर जातो. मग आपला एसएमएस जातो कुणाकडे? नवीन सिम मिळवायला परत ओळखपत्रच लागतं, म्हणजे माणूस दोन्हीकडून अडकला. म्हणून मालकाला स्वतः कुठल्याही काउंटरवर जाऊन विचारता आलं पाहिजे. कार्ड देताना जन्मतारीख किंवा पत्ता विचारू नका, ते कार्डावरच छापलेलं असतं, कार्ड पाहिलेला कुणीही सांगेल. फोटोशी चेहरा जुळवा, आणि रेकॉर्डमध्ये आहे पण कार्डावर नाही असं काहीतरी विचारा. मेसेजमध्ये लिंक नको, ओटीपी मागणं नको, फक्त एक पावती क्रमांक आणि ऑफिसचं नाव.

जमा कार्ड किती दिवस ठेवायचं हे कायद्याच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात विचारा, आम्ही उशिरा विचारलं. जपानमध्ये सापडलेल्या वस्तूंची मुदत २००७ मध्ये सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, आणि मालक नाही आला तरी ओळखपत्र सापडवणाऱ्याच्या मालकीचं होत नाही असं तिथल्या कायद्यातच आहे. असला नियम आधी ठरलेला असला की अर्धे वाद होतच नाहीत.

पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, एकाच काउंटरवर करा आणि 'किती कार्डं नोंदवली' हे मोजू नका, तो आकडा वाढतच जातो. कार्ड सापडल्यापासून मालकाच्या हातात जाईपर्यंत किती दिवस गेले ते मोजा, आणि सरासरीऐवजी सगळे आकडे क्रमाने लावून बरोबर मधला आकडा (मीडियन) धरा, कारण दोन-चार कार्डं वर्षभर पडून असतात आणि सरासरी बिघडवतात.