बॅसिलस सबटिलिस ग्रॅम अभिरंजनात गुलाबी दिसत असेल तर

ग्रॅम अभिरंजनात (जिवाणूंना रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखण्याच्या पद्धतीत) बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू जांभळा दिसायला हवा, पण माझ्या काचपट्टीवर निम्म्या पेशी गुलाबी येत होत्या. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग नवा घेतला, तो पक्का करणाऱ्या आयोडीनचा वेळ वाढवला. उपयोग झाला नाही, आणि मी अगदी हताश झालो. दोष संवर्धनाच्या, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या, वयात होता: तीन दिवसांच्या पेशींची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) जाड भित्तिका कमकुवत होऊन रंग आणि आयोडीन यांचे संयुग अल्कोहोलबरोबर निघून जात होते.

मग १८ तासांच्या संवर्धनाचा पातळ थर हवेत वाळवून ज्योतीवर स्थिर केला. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने, ओघळणारा द्रव रंगहीन होताच पुन्हा पाणी. शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी-लाल रंग ४५ सेकंद आणि पाणी. शेजारी तुलनेसाठी घेतलेला ई. कोलाय हा दुसरा जिवाणू अपेक्षेप्रमाणे गुलाबी राहिला, बॅसिलस मात्र जांभळा दिसला.