किनारा स्वच्छतेला निघण्यापूर्वी तिथी पाहावी
सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनानिमित्त कोकणात ठिकठिकाणी स्वयंसेवक जमतात. आयोजकांनी कळवलेली वेळ दिनदर्शिकेतील तिथीशी अवश्य ताडून पाहावी, कारण तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी साधारण सहा तास, सकाळी नऊला. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी काम सुरू केल्यास पुळणीचा मोठा पट्टा मोकळा मिळतो. वाळूत रुतलेले नायलॉनचे जाळे मात्र ओढत बसू नये (कंबर तेवढी धरते, जाळे जागचे हलत नाही). वर दिसेल तेवढे कोयतीने कापून घ्यावे. हातमोजे जाड, रबरी असावेत.