क्वेरी बरोबर, उत्तर चूक? आधी कॉलमात काय बसलंय ते बघा

रत्नागिरी, देवगड, मालवणकडे आता बरीच पोरं आपापल्या भागातल्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतायत, कुणी बागायतदाराच्या पेट्यांचा हिशोब, कुणी होमस्टेचं बुकिंग, कुणी ट्रॉलरच्या फेऱ्यांची नोंद. आणि यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, क्वेरी (म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालते, एरर काही येत नाही, पण आकडा चुकतो. एरर आली तर निदान कळतं तरी, पण गपचूप चुकीचं उत्तर आलं की बागायतदार विचारतो पैसे खंय गेले आणि आपण व्हेअरची कंडिशन (कुठल्या ओळी हव्यात ती अट) उलटसुलट करत बसतो. माझं म्हणणं असं की पहिल्या अर्ध्या तासात क्वेरीला हातच लावू नका, कारण बहुतेक वेळा क्वेरी ठीक असते आणि कॉलमात आपल्याला वाटतंय ते नसून भलतंच काहीतरी बसलेलं असतं.

म्हणून आधी तीन गोष्टी करा. टेबलचं डिस्क्राइब (कॉलमांची आणि त्यांच्या टाइपची यादी) काढा आणि प्रत्येक कॉलमचा टाइप खरंच वाचा, आठवणीवर जाऊ नका. मग जिथे घोळ आहे तिथल्या पाच-दहा ओळी कच्च्या बघा, म्हणजे ॲपच्या स्क्रीनवर नाही, थेट डेटाबेसमध्ये. आणि तिसरं म्हणजे त्या व्हॅल्यूची लांबी आणि हेक्स (आत साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारा कोड) काढा. हे हेक्स फंक्शन लोक वापरत नाहीत आणि तिथेच दिवस घालवतात, कारण डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आत वेगळ्या असतात हे फक्त तिथेच कळतं. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर टाइपऑफ (व्हॅल्यू खरंच कुठल्या टाइपची आहे ते सांगणारं फंक्शन) पण चालवून बघा, कारण तिथे कॉलम इंटिजर (पूर्णांक) म्हणून लिहिलेला असला तरी कुणी त्यात "५ डझन" असं टाकलं तर ते टेक्स्ट म्हणून आरामात बसतं. हे थांबवायचं तर टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहावं लागतं आणि ती सोय ३.३७ पासूनच्या व्हर्जनमध्येच आहे.

आकडे जे आकडे नसतात

आपल्याकडे मराठी कीबोर्ड असतो, त्यामुळे लोक पेट्यांची संख्या मराठी आकड्यात टाइप करतात आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. पण कॉलम टेक्स्ट असेल तर पुढे गंमत होते, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मराठी "५" ला कास्ट करून (टाइप बदलून) नंबर केला की शून्य येतो आणि फक्त एक वॉर्निंग पडते जी कुणी बघत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस सरळ एरर देतो, ते बरं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन नॅन (म्हणजे हा नंबर नाही) देतं. आणि पायथनचं इंट मात्र मराठी पाच व्यवस्थित पाच म्हणून घेतं, म्हणून पायथनमध्ये टेस्ट केलेलं चालतं आणि डेटाबेसमध्ये बेरीज केली की कमी येते. हेक्स काढलं तर इंग्रजी आकडे ३० ते ३९ मध्ये दिसतात आणि मराठी आकडे ई०ए५ ने सुरू होतात, लगेच ओळखता येतं. उपाय म्हणजे फॉर्ममधून डेटा आत येतानाच दहाही आकडे इंग्रजी करून घ्या, कॉलम इंटिजर ठेवा आणि मराठी आकडे फक्त दाखवताना वापरा. लोकांना मराठीत टाइप करू नका म्हणून सांगू नका, ते आपलं काम आहे, त्यांचं नाही.

एक्सेलमधून आलेल्या हिशोबात स्वल्पविरामाची भानगड असते. इंग्रजी आकड्यात लिहिलेले १,२०० टेक्स्ट म्हणून आले आणि मायएसक्यूएलमध्ये कास्ट केले तर एक उरतो, कारण ते सुरुवातीचे आकडे घेतं आणि स्वल्पविरामाशी थांबतं. आणि टेक्स्टमध्ये ठेवलेले भाव ऑर्डर बाय केले तर १०० हा २० च्या आधी येतो, अक्षरांप्रमाणे लावलं की असंच होणार.

मायएसक्यूएलची अजून एक सवय माहीत पाहिजे, टेक्स्ट कॉलमची तुलना नंबरशी केली तर ते टेक्स्टलाच नंबर करायला जातं. म्हणजे व्हेअर गाव = ० असं चुकून गेलं (फॉर्ममधून रिकामी निवड शून्य म्हणून आली की हे सहज होतं) तर गुहागर, वेंगुर्ला, हर्णै सगळी गावं येतात, कारण त्या सगळ्यांचा नंबर शून्यच होतो. स्ट्रिक्ट मोड (चुकीची व्हॅल्यू आली की एरर देऊन थांबणारी सेटिंग) बंद असेल आणि अशी कंडिशन डिलीटमध्ये असेल तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय फोन नंबर टेक्स्टमध्ये आहे आणि क्वेरीत कोट न लावता लिहिला तर उत्तर येतं पण इंडेक्स (लवकर शोधायची सूची) वापरला जात नाही, टेबल मोठं झालं की ॲप रखडतं. एक्स्प्लेन (क्वेरी आत कशी चालते ते दाखवणारा आदेश) चालवलंत की दिसेल. पोस्टग्रेस अशा वेळी टाइप जुळत नाहीत म्हणून थांबतं आणि नवीन माणसाला ते कटकटीचं वाटतं, पण ते तुमच्या भल्याचं आहे.

फोन नंबर इंटमध्ये ठेवूच नका. साध्या इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आणि आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी, एकही बसत नाही. स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या मायएसक्यूएलमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांचा नंबर हाच २१४७४८३६४७ होऊन बसतो आणि खरे नंबर परत मिळत नाहीत. बिगइंटमध्ये बसतील, पण लँडलाइनचा रत्नागिरीचा ०२३५२ टाकला की सुरुवातीचा शून्य जातो. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही ते टेक्स्ट, पिनकोडसुद्धा.

पैशाला मात्र डेसिमल, म्हणजे दशांश जसाच्या तसा ठेवणारा टाइप. फ्लोट नाही, डबल पण नाही, ते अंदाजे ठेवतात. फ्लोटला साधारण सात आकड्यांपर्यंतच भरवसा असतो, १,६७,७७,२१७ रुपये टाकले तर आत १,६७,७७,२१६ बसतात. आणि फ्लोट कॉलममध्ये ०.१ टाकून व्हेअर दर = ०.१ विचारलं तर मायएसक्यूएल ओळच देत नाही, कारण आत बरोबर ०.१ नसतोच, त्याच्या जवळचा काहीतरी असतो. डेसिमल(१२,२) (एकूण बारा आकडे, त्यातले दोन पॉइंटनंतर) पैशाला, मासळीच्या किलोला डेसिमल(१०,३), विषय संपला. भागाकाराकडे पण लक्ष असू द्या, दोन्ही बाजू इंटिजर असतील तर पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ७ भागिले २ चे ३ येतात, मायएसक्यूएलमध्ये ३.५.

शून्य आणि नल

हे नीट समजून घ्या कारण इथे प्रोग्रामिंगपेक्षा धंदा समजून घ्यायचा असतो. ट्रॉलर समुद्रात गेला आणि जाळ्यात काहीच आलं नाही, तर पकड शून्य. ट्रॉलर गेलाच नाही, वादळाचा बावटा होता किंवा १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी होती, तर पकड नल, म्हणजे आकडाच नाही. दोन्हीकडे शून्य टाकलंत तर सरासरी खाली येते आणि मालकाला वाटतं बोट तोट्यात आहे. ॲव्हरेज फंक्शन नल सोडून देतं, म्हणून नल बरोबर टाकला असेल तर सरासरी फक्त गेलेल्या दिवसांची निघते, आणि बहुतेक वेळा मालकाला तीच हवी असते. पण कधी त्याला वर्षभराच्या सगळ्या दिवसांवर खर्च वाटायचा असतो, तेव्हा कोअलेस वापरून नलचा शून्य करावा लागतो. कुठलं हवंय ते त्याला विचारा, स्वतः ठरवू नका.

नलशी बरोबरी कधीच खरी होत नाही, = नल लिहिलं तर एकही ओळ येत नाही, इज नल लिहायचं. याच कारणाने व्हेअर जेटी <> 'हर्णै' लिहिलं की ज्यांची जेटी भरलेलीच नाही त्या बोटी पण गायब होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नॉट इन, म्हणजे "या यादीत नसलेले" ही अट. ज्या बोटींनी फेरी केली नाही त्या काढायला नॉट इन मध्ये फेऱ्यांच्या टेबलातले बोट नंबर दिले आणि त्यात एक जरी नल असला तर उत्तर शून्य ओळी, एरर नाही काही नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहा, तिथे हा त्रास नाही. काउंट(*) सगळ्या ओळी मोजतं आणि काउंट(कॉलम) नल सोडून मोजतं, दोन रिपोर्ट जुळत नसतील तर हे पण बघा.

तारीख आणि पहाटेचा लिलाव

तारीख टेक्स्टमध्ये ठेवली असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून का ६ मे हे कुणीच सांगू शकत नाही. डेट टाइप वापरा, आत वर्ष-महिना-दिवस असंच पाठवा.

मासळीचा लिलाव पहाटेच होतो आणि इथे एक चूक हमखास होते. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे ५:३० च्या आधी झालेली प्रत्येक विक्री डेटाबेसमध्ये आदल्या दिवशीची दिसते. आणि पहाटेचीच विक्री जास्त असेल तर रोजचा रिपोर्ट जवळपास सगळाच एक दिवस मागे सरकतो. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प कॉलम कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून देतो, डेटटाइम जसा टाकला तसाच देतो, त्यामुळे दोन्ही मिसळू नका. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनवाला टाइमस्टॅम्प घ्या आणि दिवसाप्रमाणे ग्रुप करायच्या आधी एशिया/कोलकाता मध्ये बदलून घ्या.

बिटवीन १ मे आणि ३१ मे लिहिलं आणि कॉलममध्ये वेळ पण असेल तर ३१ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस सुटतो. १ मे पासून पुढे आणि १ जूनच्या आधी अशी कंडिशन लिहा. कॉलमला मंथ किंवा इयर फंक्शन लावून पण उत्तर येतं, पण मग साधा इंडेक्स कामाला येत नाही.

मराठी नावं सापडत नाहीत

हेक्स इथे सगळं सांगतं. देवनागरी नीट साठवली असेल तर ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारे तीन-तीन बाइट दिसतात, म्हणजे डेटा चांगला आहे, दाखवण्यात चूक आहे. सी३ए०सी२ए४ असं दिसलं तर दोनदा एन्कोड झालंय (अक्षरांचे बाइट दोनदा केले गेलेत), लॅटिन१ या जुन्या एन्कोडिंगमध्ये उलटं नेऊन दुरुस्त होऊ शकतं. आणि नुसतं ३एफ३एफ३एफ दिसलं तर ती खरीच प्रश्नचिन्हं आहेत, मूळ अक्षरं गेली, बॅकअपमधूनच आणावी लागतील. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ हे एन्कोडिंग वापरा, टेबलला आणि कनेक्शनला दोन्हीकडे. जुन्या यूटीएफ८ मध्ये मराठी बसतं पण इमोजी बसत नाही, आणि होमस्टेच्या रिव्ह्यूमध्ये इमोजी येणारच. एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर एनव्हारचार टाइप घ्या आणि क्वेरीत मराठी मजकुराच्या कोटआधी एन लावा.

लांबी मोजताना पण फसायला होतं. "रत्नागिरी" आपल्याला चार अक्षरं वाटतात, डेटाबेसला ती नऊ कॅरेक्टर आणि सत्तावीस बाइट. कॉलमची रुंदी ठरवताना हे लक्षात घ्या.

आणि एक गोष्ट फक्त मराठीवाल्यांना छळते. "किनाऱ्यावर" मधला तो ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्यावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलंत (पाय मोडायचं चिन्ह) लावून आणि दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं कॅरेक्टर टाकून. दिसायला सारखंच, पण बाइट वेगळे, म्हणून होमस्टेचं नाव एका फोनवरून भरलं आणि दुसऱ्यावरून शोधलं तर सापडेलच असं नाही. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करून हे मिटत नाही, कारण ते दुसऱ्या प्रकाराला पहिला करत नाही. डेटा सेव्ह करताना र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे ही तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलंत टाका, शोधायला आलेल्या शब्दावर पण तेच करा, आणि मग एनएफसी.

बेरीज दुप्पट

टाइप सगळे बरोबर आहेत तरी बेरीज जास्त येते तेव्हा जॉइन (दोन टेबलं एकमेकांना जोडणं) बघा. एका बिलाचे पैसे दोन हप्त्यात आले आणि बिल व हप्ते जॉइन करून बिलाच्या रकमेची बेरीज केली तर ते बिल दोनदा धरलं जातं. डिस्टिंक्ट (सारख्या व्हॅल्यू एकदाच धरा म्हणणारा शब्द) लावून झाकू नका, कारण सारख्या रकमेची दोन खरी बिलं असतील तर त्यातलं एक उडेल. आधी हप्त्यांची बिलवार बेरीज सबक्वेरीत करा, मग जॉइन.

दुरुस्ती करताना

चुकीच्या टाइपचा कॉलम सापडला की थेट आल्टर (कॉलम जागच्या जागी बदलणारा आदेश) मारू नका, आणि एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या सीझनला तर चालू टेबलला अजिबात हात लावू नका. बॅकअप घ्या, शेजारी योग्य टाइपचा नवीन कॉलम बनवा, जुन्यातून बदलून भरा, आणि ज्या ओळी बदलल्या नाहीत त्या नवीन कॉलमात नल ठेवा, शून्य नाही. मग जुना भरलेला पण नवीन नल अशा ओळी काढून एकेक बघा, तिथेच "५ डझन", "नंतर देतो", "तेवढेच" असली खरी माहिती सापडते, ती कशी भरायची ते वही लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं. दोन्ही कॉलमच्या बेरजा त्याच्या वहीशी जुळल्या की जुना कॉलम काढा.