उतारवयात लसिका ग्रंथी कशा तपासाव्यात

लहान मुलाच्या मानेवरून हात फिरवला, तर वाटाण्याएवढ्या दोन-चार गाठी सहज लागतात. याच लसिका ग्रंथी, संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची ठाणी. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. साठीनंतर हिशेब बदलतो. ग्रंथीच्या गाभ्यात हळूहळू चरबी साचते, तंतू वाढतात आणि संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचा बाहेरचा थर पातळ होतो. लशीचा प्रतिसाद कमी पडतो, त्यामागचं हे एक कारण. ग्रंथी अशी सुस्तावत असताना एखादी नव्याने वाढली, तर ती तरुणपणीच्या गाठीपेक्षा गांभीर्याने घ्यावी.

मान तपासताना माणसाला बसवा आणि जी बाजू तपासायची, मान त्याच बाजूला किंचित झुकवा, म्हणजे स्नायू सैल पडतो. मधल्या तीन बोटांची पेरं सपाट टेकवून हलकी गोल फिरवा. बोटाचं टोक खुपसलं की छोटी गाठ निसटते. काखेसाठी हात वर करायला लावू नका. कातडी ताणली की गाठ लपते. हात आपल्या हातावर सैल टेकवून घ्या, बोटं काखेच्या वरच्या टोकापर्यंत न्या आणि बरगड्यांवर दाबत खाली आणा. जांघ आडवं झोपवून बघा.

फसगत बहुधा जबड्याखाली होते. तिथली लाळग्रंथी वयानुसार खाली उतरते आणि गाठीसारखी हाताला लागते. ती सहसा दोन्हीकडे सारखी असते. ठोके लागले तर ती रक्तवाहिनी, ती दाबू नका.

साधारण १ सेंमीपर्यंतची, जांघेत १.५ सेंमीपर्यंतची, मऊ आणि सरकणारी गाठ बहुतेकदा निरुपद्रवी. कॉलरबोनच्या वरची मात्र कितीही लहान असली तरी लगेच दाखवा. डावीकडची पोटातल्या कर्करोगाची खूण असू शकते. उलट काखेतली चरबीने भरलेली ग्रंथी मोठी असूनही निर्धोक असू शकते. सोनोग्राफीत तिचा गाभा पांढरा, रुंद आणि कडा पातळ, काळसर दिसते.

जांघेत अवधाण (पायाच्या जखमेमुळे सुजलेली ग्रंथी) आलं असेल, तर आधी पायाची बोटं फाकवून बेचक्या आणि टाचेच्या भेगा बघा. जखम भरली की ते ओसरतं. चार आठवड्यांनंतरही गाठ टिकली, कडक किंवा चिकटलेली वाटली, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असली, तर बायोप्सीबद्दल (गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल) डॉक्टरांशी बोला. निदानाआधी मनाने स्टेरॉइड घेऊ नका: लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) गाठ त्याने तात्पुरती विरघळते आणि बायोप्सीत आजार हाती लागत नाही.