फाल्गुनात फवारणीचा पंप उचलण्याआधी

पांगारा लाल झाला, काटेसावरीखाली फुलांचा सडा पडू लागला, पहाटे दयाळ आंब्याच्या शेंड्यावरून शीळ घालू लागला, की कोकणात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक आपला आंबा-काजूचा, दुसरा पाखरांच्या विणीचा. फवारणी, छाटणी आणि भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, नेमकी याच दिवसांत येते.

शिंजीर मध पितो खरा, पण पिल्लांना भरवतो कोळी आणि किडे. दयाळाचंही तेच. म्हणून मोहोर आणि कोवळी पालवी आधी हाताने हलवून पाहा. तुडतुडे किंवा फुलकिडे दिसल्याशिवाय औषध नको. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळाच, कारण फळधारणा माश्यांवर अवलंबून असते. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे हेक्टरी 4 लावा आणि अंड्याएवढ्या झालेल्या फळांना 25 × 20 सेंमी कागदी पिशव्या घाला. फळगळ होत असेल तर कैरी वाटाण्याएवढी असल्यापासून दर 15 दिवसांनी झाडाला 150 ते 200 लिटर पाणी द्या, असं 3-4 वेळा. गळलेला पाला जाळू नका, आळ्यात पसरा.

आता सगळ्यात कळकळीचं. बांधावरचा जुना, ढोलीचा आंबा किंवा बेहडा या महिन्यांत तोडू नका. ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना उंबर, वडाची फळं भरवतो. नर मेला तर आतल्यांचे हाल होतात. जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येते, म्हणून ते झाड पुढच्या साली तोडणंही तितकंच वाईट. शेवग्या-पांगाऱ्याची वाळकी फांदी घरावर पडणारी नसेल तर पावसाच्या तोंडापर्यंत राहू द्या. तांबट तिच्यातच घर कोरतो.

भाजावळीआधी तरव्यातून, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेतून, आणि लगतच्या कातळावरून एकदा चालून या. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांत सहज दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर तेवढा तुकडा सोडा. काजूच्या बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा साफ पट्टा, काढा, वारा पडलेला असतानाच पेटवा, आणि राख पूर्ण विझेपर्यंत एक माणूस तिथेच थांबू द्या.